मेल गेली, पोचली का?

सर्व्हरच्या नोंदींमध्ये २५० हा आकडा दिसला की वेबसाइट चालवणारा निर्धास्त होतो. मेलच्या देवघेवीत समोरच्या सर्व्हरने २५० असे उत्तर दिले, तर त्याचा अर्थ 'मिळाली, पुढचे माझ्याकडे' एवढाच असतो. ती मेल इनबॉक्समध्ये पडली, स्पॅमच्या खणात गेली की गुपचूप टाकून दिली गेली, याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही. इकडे पैसे भरून बसलेला ग्राहक पावतीची वाट पाहतो, पासवर्ड विसरलेला वाचक 'पुन्हा पाठवा'चे बटण दाबत राहतो आणि वेबसाइटचा मालक 'आमच्याकडून तर गेली आहे' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. दोन्ही बाजूंचे खरे असते.

वेबसाइटवरून मेल पाठवणे ही एकेकाळी सर्वांत सोपी गोष्ट होती. होस्टिंग घ्यायचे, पीएचपीची एक ओळ लिहायची, काम झाले. ती ओळ आजही चालते आणि मेल आजही निघते. बदलले आहे ते वेगळेच. पूर्वी मेल खोटी आहे हे घेणाऱ्याला शोधून काढावे लागे. आता ती खरी आहे हे पाठवणाऱ्याला सिद्ध करावे लागते. ज्यांच्या ध्यानात हा बदल आला नाही, त्यांच्या पावत्या स्पॅममध्ये सापडतात.

मेलची देवघेव ज्या नियमांवर चालते त्या एसएमटीपीचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये आरएफसी ८२१ या नावाने प्रसिद्ध केला. त्या नियमांत पाठवणाऱ्याने आपले नाव सांगायचे असते आणि घेणाऱ्याने ते मानायचे असते. खात्री करून घेण्याची तरतूदच नव्हती. जाळ्यावरच्या संस्था मोजक्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या, त्यामुळे ती कुणाला हवीशीही वाटली नाही. खरे तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. मे १९७८मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थुएर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या त्या काळच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली होती. लोक भडकले, तक्रारी झाल्या, समज दिली गेली आणि विषय मिटला असे सगळे धरून चालले.

नव्वदच्या दशकात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा हा भाबडेपणा अंगाशी आला. त्या काळी बहुतेक मेल सर्व्हर कुणाचीही मेल कुणालाही पुढे पाठवून देत. शेजारधर्म म्हणून ते रास्तही मानले जाई. जाहिरातबाजांनी त्याच वाटेने लाखो मेली ढकलल्या. १९९७मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी सर्व्हरच्या पत्त्यांची काळी यादी सुरू केली आणि १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी अशाच याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसची स्थापना केली. पुढे घराघरांतले विषाणूग्रस्त संगणक स्पॅमचे कारखाने झाले. त्यांची सूत्रे कुठून हलत होती हे नोव्हेंबर २००८मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील मॅककोलो या होस्टिंग कंपनीची जोडणी तोडताच जगभरातले स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आले. काही आठवड्यांत ते पुन्हा चढू लागले, पण या सगळ्यातून मोठ्या मेल कंपन्यांनी घेतलेला धडा कायम राहिला. अनोळखी यंत्रावरून आलेली मेल निर्दोष ठरेपर्यंत संशयित.

मग एखाद्या साध्या वेबसाइटवरून मेल निघते तेव्हा काय घडते? वर्डप्रेसवर चालणारी साइट स्वस्तातल्या सामाईक होस्टिंगवर असेल, तर काहीही न बदलता ती 'वर्डप्रेस' हे नाव आणि साइटचे डोमेन जोडून पाठवणाऱ्याचा पत्ता बनवते. बहुधा त्या नावाची मेलपेटी अस्तित्वातच नसते. मेल जाते ती होस्टिंगच्या यंत्रावरच्या एक्झिम किंवा पोस्टफिक्स अशा मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमार्फत आणि त्या यंत्रावर आणखी शेकडो साइट नांदत असतात. त्यातल्या एकीचा जुना प्लगइन फोडून कुणी स्पॅम पाठवले की यंत्राचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि त्याच्याबरोबर सगळ्या भाडेकरूंची मेल अडते. ज्याने काही केले नाही त्याच्याही पासवर्ड रीसेटच्या मेली परत येऊ लागतात.

याहून बारीक घोळ नावांचा असतो. टपालाच्या पाकिटावर मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि आतल्या पत्राच्या मायन्यातही नावगाव असते, आणि ही दोन्ही वेगळी असू शकतात. मेलचेही तसेच आहे. वाचणाऱ्याला दिसते ते मायन्यातले नाव. सर्व्हर आपसांत बोलतात ते पाकिटावरच्या नावाने. सामाईक होस्टिंगवर पाकिटावर अनेकदा होस्टिंग कंपनीचे नाव छापून जाते आणि आत मात्र तुमच्या साइटचे. भामटेही नेमके हेच करतात. पाकीट एकाचे, नाव बँकेचे.

ही फट बुजवण्यासाठी तीन उपाय एकामागून एक आले. तिन्ही डोमेनच्या डीएनएस नोंदींत लिहायचे असतात. पहिला एसपीएफ. या डोमेनच्या नावाने कोणकोणती यंत्रे मेल पाठवू शकतात, याची जाहीर यादी. त्याचे पहिले रूप २००६मध्ये आणि आजचे आरएफसी ७२०८ हे रूप २०१४मध्ये आले. दिसायला ही एक ओळ, पण तिच्यात चुका करण्याला भरपूर वाव आहे. आधीची ओळ तशीच ठेवून नव्या सेवेसाठी दुसरी ओळ जोडणे ही सर्वांत नेहमीची चूक. एका डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी असल्या की नियमाप्रमाणे दोन्ही बाद होतात. दुसरी अडचण दहाच्या मर्यादेची. एसपीएफ तपासताना डीएनएसकडे दहापेक्षा जास्त वेळा विचारणा करायची नाही असा नियम आहे. ऑफिसच्या मेलसाठी एक सेवा, पावत्यांसाठी दुसरी, वार्तापत्रासाठी तिसरी, ग्राहकांच्या तक्रारींसाठी चौथी असे करत गेले की प्रत्येकीच्या पोटातल्या विचारण्या धरून दहाचा आकडा केव्हा ओलांडला जातो ते कळतही नाही. मर्यादा ओलांडली की तपासणी फसते आणि काल पोचणारी मेल आज पोचेनाशी होते. एसपीएफचे मूळ दुखणे आणखी वेगळे. ते पाकीट तपासते, मायना नव्हे. कुणी आपल्या जुन्या पत्त्यावरची मेल नव्या पत्त्यावर वळवून घेत असेल, तर मधले यंत्र यादीत नसल्याने एसपीएफ तिथे निरुपयोगी ठरते.

दुसरा उपाय डीकिम. याहू आणि सिस्को यांच्या दोन वेगळ्या कल्पना एकत्र करून तो २००७मध्ये मांडला गेला. पाठवणारा सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने मेलवर डिजिटल सही करतो. तिची जोडीदार उघड किल्ली डीएनएसमध्ये असते आणि घेणारा ती लावून सही पडताळतो. मेल कुठूनही फिरून आली तरी मजकुराला हात लागला नसेल तर सही टिकते, म्हणून तिघांत वजन यालाच जास्त.

पण किल्ली कच्ची असेल तर सहीला अर्थ उरत नाही. डिसेंबर २०११मध्ये झॅकरी हॅरिस या अमेरिकी गणितज्ञाला गूगलच्या नावाने नोकरीविषयी विचारणा करणारी मेल आली. ती खरी की बनावट हे पाहताना त्यांच्या लक्षात आले की गूगलची डीकिम किल्ली अवघी ५१२ बिटांची आहे. शिफारस किमान १०२४ बिटांची होती. ही आपली परीक्षाच चालली आहे असे समजून त्यांनी ॲमेझॉनची भाड्याची यंत्रे वापरून ती किल्ली फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला मेल पाठवून दिली! दोन दिवसांत गूगलची किल्ली २०४८ बिटांची झाली. अशी किल्ली फोडायला सुमारे ७२ तास आणि ७५ डॉलर लागतात, असे हॅरिस यांनी नंतर सांगितले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी आपापल्या किल्ल्या तपासल्या. २०४८ बिटांची किल्ली लावताना मात्र एक व्यावहारिक अडचण येते. डीएनएसच्या मजकूर नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावतात, त्यामुळे किल्ली दोन तुकड्यांत लिहावी लागते. काही कंट्रोल पॅनेल हे स्वतःहून करतात, काही शेपूट मुकाट्याने कापून टाकतात.

तिसरा डीमार्क. गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपाल वगैरे कंपन्यांनी तो जानेवारी २०१२मध्ये जाहीर केला. पाकीट आणि मायना यांच्यातली फट खऱ्या अर्थाने हाच बुजवतो. मायन्यातले डोमेन एसपीएफने किंवा डीकिमने पटलेल्या डोमेनशी जुळलेच पाहिजे, हा त्याचा आग्रह. जुळले नाही तर काय करायचे हे डोमेनचा मालक सांगतो. काही करू नका, नुसते कळवा. किंवा स्पॅममध्ये टाका. किंवा सरळ नाकारा. अहवाल मागवण्याची सोय ही डीमार्कची सर्वांत कमी वापरली जाणारी देणगी. मोठे मेल पुरवठादार बहुधा रोज एक अहवाल पाठवतात. त्या दिवशी तुमच्या नावाने कोणत्या यंत्रांवरून किती मेली आल्या, त्यांतल्या किती पास झाल्या, हे त्यात असते. अहवाल एक्सएमएलमध्ये असल्याने डोळ्यांना त्रासदायक आहेत हे मान्य. पण काही आठवडे ते वाचले, की लेखा विभागाने परस्पर घेतलेली बिलांची सेवा किंवा कधीचे विसरलेले जुने वार्तापत्र असे अनेक बेवारस पाठवणारे सापडतात. म्हणून शहाणी माणसे आधी 'नुसते कळवा' ठेवतात, घर आवरतात आणि मगच 'नाकारा'वर जातात.

उलट क्रमाने गेल्यास काय होते, हे एप्रिल २०१४मध्ये दिसले. याहूने आपल्या पत्त्यांसाठी एकाएकी 'नाकारा' हा आदेश लावला. काही दिवसांत एओएलनेही तेच केले. याहूच्या नावाने होणारी फसवणूक त्यामुळे आटोक्यात आली, पण एका रूढ सवयीचा बळी गेला. साइटवरच्या 'संपर्क साधा' फॉर्ममध्ये वाचक आपला पत्ता लिहितो आणि फॉर्म ती मेल त्या वाचकाच्याच नावाने मालकाकडे पाठवतो, अशी तेव्हा सर्रास रीत होती. म्हणजे वाचकाचा पत्ता याहूचा आणि यंत्र भलत्याच होस्टिंग कंपनीचे. असे सगळे निरोप नाकारले जाऊ लागले आणि चौकशा येणे बंद का झाले हे अनेक व्यावसायिकांना उमगले नाही. योग्य रीत सोपी आहे. पाठवणारा म्हणून साइटचा स्वतःचा पत्ता द्यायचा आणि वाचकाचा पत्ता उत्तर जिथे जावे त्या रकान्यात ठेवायचा. इतकी वर्षे होऊनही जुन्या पद्धतीचे फॉर्म अजून भेटतात.

ऑक्टोबर २०२३मध्ये गूगल आणि याहू यांनी संयुक्तपणे नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४पासून ते लागू होऊ लागले. तोवर चांगली सवय म्हणून सांगितले जाणारे सगळे त्यानंतर सक्तीचे झाले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मेली पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही हवेत. प्रचाराच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी आणि ती विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे. 'हे स्पॅम आहे' असे म्हणणाऱ्या वाचकांचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाता कामा नये, ते ०.१ टक्क्याखाली असावे. हजारातले तिघे चिडले तरी दार बंद होऊ शकते, असा या आकड्यांचा सरळ अर्थ. लहान पाठवणाऱ्यांनाही सूट नाही. त्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी लागतेच. मे २०२५पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलच्या पत्त्यांसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांवर असेच बंधन घातले. थोडक्यात, जे सरकारांना कायदे करून फारसे साधले नाही ते दोनतीन कंपन्यांनी आपल्या दारावर पाटी लावून साधले. यात भले किती आणि मक्तेदारी किती, हा वाद रास्त आहे. पण पावती पोचवायची असेल तर पाटी वाचावीच लागते.

आता प्रश्न येतो तो मेल पाठवायची कुठून याचा. स्वतःचा मेल सर्व्हर चालवण्याची हौस असणारे लोक आजही आहेत आणि त्यांच्याविषयी आदर वाटावा अशीच ती हौस आहे. पोस्टफिक्स हे व्हिट्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेले सॉफ्टवेअर मोफत आहे, भक्कम आहे आणि दुपारभरात बसवता येते. अडते ते बाहेर. ॲमेझॉन, गूगल, डिजिटलओशन यांच्या यंत्रांवरून मेलचे २५ क्रमांकाचे पोर्ट सुरुवातीला बंद किंवा आवळलेलेच असते. ॲमेझॉनकडे अर्ज करून ते उघडून घेता येते, गूगलकडे तेही नाही. ते मिळालेच तर आयपी पत्त्यावरून नाव शोधल्यास तुमच्याच सर्व्हरचे नाव मिळावे, अशी उलटी डीएनएस नोंद करून घ्यावी लागते. ती तुमच्या डोमेनमध्ये होत नाही, यंत्र देणाऱ्या कंपनीकडे होते. घरच्या ब्रॉडबँडवरून तर विचारच नको. ज्या पत्त्यांवरून थेट मेल येणे अपेक्षितच नाही, अशा पत्त्यांची स्पॅमहाउसची स्वतंत्र यादी आहे आणि घरगुती जोडण्यांचे पत्ते तिच्यात मोठ्या संख्येने असतात. एवढे करून नव्या पत्त्याची पत शून्यापासून सुरू होते. आधी थोड्या, मग हळूहळू जास्त मेली पाठवत ती कमवावी लागते, आणि रात्री दोन वाजता रांग तुंबली तर उठायचे कुणी, हा प्रश्न उरतोच.

बहुतेक वेबसाइटींना त्यामुळे भाड्याची सेवा घेणेच परवडते. साइटने मेल ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून नाव-पासवर्ड देऊन, किंवा एपीआयमार्फत, त्या सेवेकडे सोपवायची; पुढची धावपळ तिची. ॲमेझॉनची एसईएस ही सेवा २०११मध्ये सुरू झाली. दर हजारी दहा सेंट, म्हणजे दहा हजार मेली एका डॉलरात, हा तिचा मूळ दर; ती मुंबई विभागातूनही घेता येते. नव्या ग्राहकाला ती आधी कुंपणात ठेवते. दिवसाला दोनशे मेली आणि त्याही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. अर्ज करून, काय पाठवणार हे सांगितल्यावर कुंपण निघते. सेंडग्रिड, मेलगन, पोस्टमार्क, ब्रेव्हो ही याच धंद्यातली आणखी नावे. झोहोची झेप्टोमेल फक्त पावत्या-ओटीपीसारख्या व्यवहाराच्या मेली घेते, आणि 'इंडियावर्ल्ड' हे पोर्टल उभारणारे राजेश जैन यांची मुंबईतील नेटकोर बँका आणि मोठ्या दुकानांच्या मेली वाहते.

भाड्याच्या घराचे तोटे इथेही आहेतच. वार्तापत्रे पाठवणाऱ्या मेलचिंप या कंपनीची मॅन्ड्रिल ही सेवा छोट्या साइटींची लाडकी होती. फेब्रुवारी २०१६मध्ये कंपनीने जाहीर केले, की आता ती स्वतंत्रपणे मिळणार नाही, मेलचिंपचे पैसे भरणाऱ्यांनाच मिळेल. एप्रिलअखेरपर्यंत सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचे होते. ज्यांनी मॅन्ड्रिलच्या खास सोयी कोडमध्ये जागोजागी पेरल्या होत्या त्यांची धावपळ झाली. ज्यांचे काम साध्या एसएमटीपीवर चालत होते त्यांनी सर्व्हरचे नाव आणि पासवर्ड बदलला आणि ते मोकळे झाले. २०२०मध्ये सेंडग्रिडच्या ग्राहकांची चोरलेली खाती वापरून फसवणुकीच्या मेली सुटल्या, तेव्हा त्याच आयपी पत्त्यांवरून जाणाऱ्या प्रामाणिक मेलीही काही ठिकाणी अडल्या. सामाईक होस्टिंगवरचे शेजाऱ्यांचे दुखणे इथेही पूर्ण टळत नाही, फक्त शेजारी जरा बरे मिळतात. म्हणून डीकिमची सही सेवेच्या नव्हे, स्वतःच्या डोमेनच्या नावाने करून घ्यावी. सेवा बदलली तरी कमावलेली पत डोमेनबरोबर राहते.

तांत्रिक नोंदी एका दिवसात होतात. वागणुकीचे काम रोजचे असते आणि बहुतेक साइटी तिथेच घसरतात. देवगडचा एखादा बागायतदार हापूसची आगाऊ नोंदणी आपल्या साइटवर घेतो असे धरू. मेनंतर दहा महिने त्याच्या डोमेनवरून एकही मेल जात नाही आणि मार्चच्या एका सकाळी चार वर्षांच्या सगळ्या ग्राहकांना एकदम आठ हजार मेली सुटतात. जीमेलच्या नजरेतून हे चित्र खाते चोरीला गेल्यासारखेच दिसते. त्या चार वर्षांत काही पत्ते बंद पडलेले असतात, त्यामुळे परत येणाऱ्या मेलींचे प्रमाणही वाढते. ॲमेझॉनची एसईएस परत येणाऱ्या मेली पाच टक्क्यांवर गेल्या की खाते तपासणीखाली घेते आणि दहा टक्क्यांवर पाठवणे थांबवू शकते. दिवाळी अंकवाल्यांची, उन्हाळी शिबिरे घेणाऱ्यांची अडचण हीच. उपाय कंटाळवाणा आहे. वर्षभर थोडी का होईना पण मेल जात राहावी, हंगामाची घोषणा गेल्या वर्षीच्या ग्राहकांपासून सुरू करून चारपाच दिवसांत पसरावी, आणि परत आलेला पत्ता त्याच दिवशी यादीतून काढावा. आंब्याच्या घोषणेची मेल एका उपडोमेनवरून आणि पैसे मिळाल्याची पावती दुसऱ्यावरून पाठवावी, हे तर अगदी आवर्जून. जाहिरातीला कंटाळलेल्या ग्राहकाच्या रागाची झळ मग पावतीला कमी लागते.

परत येणे दोन प्रकारचे असते आणि त्यांची गल्लत महागात पडते. पाचशेच्या घरातले उत्तर म्हणजे कायमचा नकार. असा पत्ता पुन्हा वापरू नये. चारशेच्या घरातले उत्तर म्हणजे 'आत्ता नको, नंतर या'. २००३च्या सुमारास काही सर्व्हरनी मुद्दामच प्रत्येक अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा 'नंतर या' सांगायला सुरुवात केली. स्पॅमवाले घाईत असतात, ते पुन्हा येत नाहीत; खरा सर्व्हर रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर ठरवून दिल्याप्रमाणे पाच दिवस प्रयत्न सोडत नाही. पण साइटच्या कोडमधूनच थेट समोरच्या सर्व्हरशी बोलणारी घरगुती तजवीज पहिल्या नकारालाच हात टेकते आणि मेल हरवते. दहा मिनिटांत शिळ्या होणाऱ्या ओटीपीचे काय? त्याला ही वाट पाहणेच परवडत नाही. म्हणून ओटीपीच्या मेली पत असलेल्या पत्त्यांवरूनच जाव्यात, आणि शक्य तिथे एसएमएसचा पर्याय असावा.

साइटवरचा निरुपद्रवी वाटणारा 'वार्तापत्र मिळवा' हा रकानाही हत्यार होऊ शकतो. ऑगस्ट २०१६मध्ये यंत्रांनी हजारो साइटींच्या अशा रकान्यांत ठरावीक लोकांचे पत्ते भरले आणि त्यांच्या मेलपेट्या नोंदणीच्या मेलींनी तुडुंब भरून टाकल्या. अमेरिकी सरकारी पत्ते त्यात होते, सुरक्षाविषयक पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांचाही होता. ज्या साइटी आणि सेवा पत्ता पडताळून न घेता मेली पाठवत होत्या, त्यांच्यापैकी काहींना स्पॅमहाउसने काळ्या यादीत घातले. त्यांनी कुणाला त्रास देण्याचे मनातही आणले नव्हते. 'तुम्हीच नाव नोंदवले का?' अशी एकच खातरजमेची मेल, माणूस आहे की यंत्र याची चाचणी, आणि एका पत्त्यावर तासाला किती मेली जाऊ शकतील यावर लगाम, एवढ्याने हे बरेचसे टळते.

पाठवलेली मेल परत घेता येत नाही. जून २०१६मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने आपल्या सुमारे ३,८३,००० वापरकर्त्यांना एक सूचना धाडायला घेतली. कोडमधल्या चुकीमुळे प्रत्येक मेलच्या मजकुरात आधीच्या सगळ्या लोकांचे पत्ते जोडले जात होते. पहिल्याला काही दिसले नाही, दुसऱ्याला पहिल्याचा पत्ता दिसला, असे होत होत ७,६१८ मेली गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले आणि पाठवणे थांबले. जून २०२१मध्ये एचबीओ मॅक्सच्या असंख्य ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल' अशी एक रिकामी चाचणीची मेल गेली; कंपनीने जाहीर माफी मागताना ती एका प्रशिक्षणार्थीच्या हातून गेल्याचे सांगितले आणि लोकांनी त्या अनोळखी मुलाला धीर देणारे शेकडो निरोप लिहिले. पहिल्या प्रसंगात नुकसान दोन टक्क्यांवर थांबले, कारण मेली टप्प्याटप्प्याने जात होत्या आणि कुणीतरी पाहत होते. चाचणीच्या साइटवर खऱ्या ग्राहकांची यादी ठेवणे आणि तिला खरा मेल पासवर्ड देणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की असा दिवस उगवणारच.

मराठीत मेल पाठवणाऱ्यांच्या वाट्याला थोडे जास्तीचे काम येते. मेलचा मायना मुळात रोमन अक्षरांपुरता घडवलेला. देवनागरी विषय त्यात सांकेतिक रूपात गुंडाळून न्यावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, आणि गुंडाळल्यावर त्याची चार रोमन अक्षरे होतात. अशा एका गुंडाळीची कमाल लांबी ७५ अक्षरे. त्यात दहाबारा अक्षरे वेष्टणातच जातात, म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून पंधराएक चिन्हे झाली की दुसरी गुंडाळी सुरू करावी लागते. 'आपली मागणी नोंदवली गेली आहे' एवढा साधा विषयही एका गुंडाळीत मावत नाही. गुंडाळी चिन्हाच्या मधोमध तोडायची नाही असा नियम आहे, पण हाताने लिहिलेला कोड ती बाइट मोजून तोडतो आणि ग्राहकाच्या फोनवर विषयाच्या मध्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. न गुंडाळताच पाठवले तर काही सर्व्हर ती मेल बिघडलेली समजतात. पीएचपीमेलरसारखी तयार लायब्ररी हे बिनबोभाट करते, फक्त तिला अक्षरसंच यूटीएफ-८ आहे हे सांगायचे विसरू नये. त्या लायब्ररीचा स्वतःचा गृहीत संच बराच काळ जुना युरोपीय होता.

पत्ताच देवनागरीत असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. 'भारत' हे देवनागरी टोक असलेली डोमेने २०१४पासून मिळतात आणि त्याच वर्षी जीमेलने रोमनेतर पत्त्यांशी देवघेव सुरू केली. यासाठीचे नियम २०१२मध्येच ठरले होते. पण मेल पोचायची तर पाठवणारा, मधला आणि घेणारा अशा प्रत्येक सर्व्हरला ते यावे लागतात. एकाला जरी येत नसले तरी मेल परत फिरते. डोमेनपुरती पळवाट आहे. देवनागरी डोमेनचे रोमन सांकेतिक रूप करता येते आणि जुने सर्व्हरही ते चालवून घेतात. @ चिन्हाच्या अलीकडच्या नावाला मात्र अशी पळवाट नाही. त्यामुळे 'भारत' टोकाच्या साइटवरून पावत्या पाठवणाऱ्याने पाठवणाऱ्याचे दिसणारे नाव देवनागरीत ठेवावे, पत्त्याचा अलीकडचा भाग रोमन ठेवावा, आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये कुणी देवनागरी पत्ता लिहिला तर 'अवैध पत्ता' म्हणून तो झिडकारण्याऐवजी स्वीकारून, अडचण आल्यास वापरण्यासाठी दुसरा पत्ता किंवा मोबाइल क्रमांक मागून घ्यावा.